स्कूटरच्या सीटवरची पोळी

स्कूटरवर बसण्याआधी माणूस सीटकडे एकदा पाहतो, असं आपण धरून चालतो. मी पाहिलं नाही. ज्येष्ठ नागरिक मंडळात 'परिसर स्वच्छता आणि आपण' या विषयावर माझं भाषण होतं, उशीर झालेला होता, चष्मा खिशात होता आणि अंगात पांढरीशुभ्र पँट होती. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरापासून मंडळाच्या सभागृहापर्यंत मी ज्यावर बसून गेलो ती एक पोळी होती. तिच्यात लिंबाएवढा गुळाचा खडा गुंडाळलेला होता. एप्रिलमधल्या नागपूरच्या उन्हानं आणि माझ्या वजनानं मिळून त्या गुळाचं काय केलं असेल, हे वेगळं सांगत नाही.

मी स्वच्छतेवर मन लावून बोललो. अधूनमधून मुद्दे लिहायला फळ्याकडे वळत होतो. मी वळलो की पहिल्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावत. मला वाटलं, विषयाचं गांभीर्य पोचून राहिलं आहे.

घरी आल्यावर चारुलतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती पँट चिमटीत धरून उजेडात नेली.

"अहो, मुंग्या आहेत हिच्यात! भाषण चालू असताना चावल्या नाहीत?"

चावल्या होत्या. पण मी भाषण अर्धवट सोडणाऱ्यांतला नाही.

ही एकदाच घडलेली गोष्ट असती तर मी विसरलो असतो. निदान मंडळातल्या बायका विसरेपर्यंत तिकडे फिरकलो नसतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पोळी. कधी सीटवर, कधी हँडलला अडकवलेली, आणि एकदा तर हेडलाइटच्या काचेवर ठसठशीत कुंकू. आमच्या आवारात तुळस, जास्वंद आणि चारुलताच्या कुंड्या यांनी जागा व्यापल्यामुळे माझी पांढरी स्कूटर फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभी असते. त्या पोळ्यांच्या वासानं आसपासच्या मोकाट गाईंना आमचा पत्ता पाठ झाला. त्या येत, पोळी खात, तोंड पुसायला जास्वंद खात आणि जाताना फाटकात पोच देऊन जात. पेपर घ्यायला निघालेला मी त्या पोचेवरून दोनदा घसरलो.

मी सरकारी लेखा खात्यात ऑडिटर म्हणून नोकरी केली. निवृत्त झालो तरी नजर निवृत्त होत नाही. मी पोळीची तपासणी केली. जाड होती, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेली होती. चारुलतानं एक नजर टाकून निकाल दिला, "ही तुळजाबाईंच्या हातची दिसते."

तुळजाबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या नत्थूजी पौनीकरांच्या पत्नी. नत्थूजींचं घराणं विणकरांचं. घरचे माग बंद पडल्यावर त्यांनी कापडाच्या एका दुकानात नोकरी धरली आणि तिथूनच म्हातारे होऊन घरी आले. मुलगा भूपेश झेरॉक्सचं दुकान चालवतो. तुळजाबाई माहेरच्या कुही गावच्या. आमच्या दोन घरांत वाट्यांची ये-जा इतकी की कोणती वाटी मुळात कोणाची हे ऑडिटलाही सापडलं नसतं. अलीकडे मात्र त्यांच्याकडून वाटी येणं बंद झालं होतं, आणि त्याच उन्हाळ्यात मी नत्थूजींना त्यांच्या कूलरचं पाणी आमच्या फाटकात येतं, असं जरा चढ्या आवाजात ऐकवलं होतं. म्हणजे हेतू मिळाला. हेतू आणि पोळी, दोन्ही एकाच घरातले. मी सरळ विचारायला गेलो.

नत्थूजी अंगणात लुगडं पिळून दोरीवर टाकत होते.

"नत्थूजी, माझ्या स्कूटरवर पोळ्या कोण ठेवतं?"

त्यांचे हात थांबले. "पोळ्या? नाही जी साहेब. आमच्या घरचं कोणी नाही."

"मग कोण?"

"काय मालूम. गाईचं काही असन."

"गाय पोळ्या लाटते का?"

त्यांनी जमिनीकडे पाहिलं. "आमच्या घरचं कोणी नाही जी," ते पुन्हा म्हणाले.

न विचारता एकच उत्तर दोनदा देणाऱ्याची सगळी कागदपत्रं काढून बघावीत, हा आमच्या खात्याचा शिरस्ता. माझ्या मनानं तिथंच शेरा मारला : आक्षेप कायम. सत्तरीचा माणूस भरदुपारी बायकोचं लुगडं स्वतः का पिळत असेल, हा प्रश्न मात्र माझ्या नजरेला पडला नाही.

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, नानाजी नावाचे गृहस्थ आहेत. वीज खात्यातून निवृत्त. लाईनमनगिरी सुटली तरी कोणाच्याही घरात कुठूनही लाईन जोडून देण्याची त्यांची हौस गेलेली नाही. कुंकवाचं ऐकून ते गंभीर झाले आणि मला आडनावानं हाक मारून म्हणाले,

"देवपुजारी, ही करणी आहे."

"स्कूटरवर?"

"तुमच्यावर चालली नसन. मंग स्कूटरवर केली."

मी विज्ञाननिष्ठ माणूस. हे ऐकून घेतलं आणि त्या दिवशी सीताबर्डीला मेट्रोनं गेलो, ते केवळ पेट्रोल वाचावं म्हणून.

मग मी रीतसर मार्ग धरला. आधी महापालिकेच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलो. तिथल्या बाबूनं अर्ज दोनदा वाचला. गाय असेल तर कोंडवाडा विभाग, पोळी असेल तर घनकचरा विभाग, असं त्यानं समजावलं. "पण पोळी रस्त्यावर पडली तर ती आमची, साहेब. गाडीवर आहे तोवर पोलिसांची."

पोलीस चौकीत हवालदारांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकलं.

"रोज पोळी ठेवतात?"

"रोज."

"गुळासंगं?"

"हो."

"शिळी ठेवतात का?"

"नाही, ताजी असते."

"मग तक्रार काय आहे तुमची?"

मी मान-मर्यादा, मुंग्या आणि शेण या क्रमानं तक्रार मांडली. त्यांनी मान हलवली. "फुटेज आणा साहेब. आजकाल फुटेजबिगर काही होत नाही."

फुटेज! हा शब्द ऐकल्यावर माझ्या अंगात पुन्हा नोकरीत रुजू झाल्यासारखी शक्ती आली.

कॅमेरा घ्यायचा ठरवणं सोपं, कोणता घ्यायचा हे फार अवघड. मुलगी गार्गी बेंगळुरूला असते. तिनं फोनवर क्लाऊड, पिक्सेल आणि नाईट व्हिजन असं काही सांगितलं. त्यातलं मला 'नाईट' एवढंच कळलं. नानाजी म्हणाले, वायरवालाच घ्या, बिनवायरीच्या वस्तूवर विश्वास ठेवू नये. समोरच्या कौशल्याबाई म्हणाल्या, त्यांच्या भाच्यानं लावलेल्या कॅमेऱ्यात नुसती पाल दिसते, पण स्पष्ट दिसते. सीताबर्डीच्या दुकानदारानं तर माझ्यासमोर डझनभर डोळे मांडले. त्यात एक नकली कॅमेरा होता. आत काहीच नाही, वरून लाल दिवा चमकतो.

"जास्त हाच खपते, अंकल. चोराले थोडीच मालूम?"

जन्मभर खोटी बिलं पकडलेल्या माणसाला खोटा कॅमेरा दाखवणं म्हणजे काय, हे त्या दुकानदाराला कसं कळणार? मी ताठ मानेनं खरा कॅमेरा मागितला. त्यातल्या त्यात सुटसुटीत म्हणून बल्बच्या आकाराचा घेतला. व्हरांड्यातल्या होल्डरमध्ये फिरवून बसवायचा, झालं काम.

तो आठवडाभर काहीच टिपेना. शेवटी कळलं की झोपायला जाताना चारुलता व्हरांड्याचं बटण बंद करते आणि त्याबरोबर कॅमेराही झोपतो. मी तिला बटण चालू ठेवायला सांगितलं.

"रात्रभर? बिनकामाचा लाईट?"

"बिनकामाचा नाही. तो बघतो."

"मग त्याला म्हणा अंधारात बघ. पोळी ठेवणाऱ्याला दिसतंच ना अंधारात?"

बल्ब परत करायला गेलो, तर दुकानदारानं परत घेण्याऐवजी त्याहून मोठा गळ्यात मारला. हा मान वळवणारा, हालचाल झाली की फोनवर घंटा वाजवणारा आणि वर बोलणारा होता. तो भिंतीवर बसवायला चेतन नावाचा मिस्त्री आला. जागा मीच दाखवली. त्यानं ड्रिल मशीन लावलं आणि भिंतीतून पाण्याची धार थेट त्याच्या तोंडावर आली. आत नळाचा पाईप होता. मुख्य कॉक गंजून बसलेला, चेतन ओला, मी ओरडतोय, चारुलता बादल्या लावतेय. तेवढ्यात नत्थूजी धावत आले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी त्या भोकात कोंबला आणि तळहातानं दाबून धरला. प्लंबर येईपर्यंत ते तसेच भिजत उभे होते.

"हा काहून लावून राहिले, साहेब?" त्यांनी वर पाहत विचारलं.

"सुरक्षेसाठी," मी म्हणालो.

"अंधारात पण दिसते का याच्यातून?"

"सगळं दिसतं."

"पहाटेचं पण?"

"पहाटेचं तर खासच दिसतं," मी मुद्दाम म्हणालो.

त्यांनी पंचा आणखी घट्ट दाबला. मी मनात म्हटलं, घाबरला. घाबरलेच होते. पण कशाला घाबरले होते ते मी विचारलं नाही. त्यांचा हात माझ्या भिंतीवर होता, पाणी त्यांच्या कोपरावरून गळत होतं, मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. विचारायला आणखी किती जवळ जावं लागतं माणसाला?

कॅमेरा सुरू झाल्यावर काही दिवस पोळी आली नाही, पण आमची झोप गेली. कडुलिंबाची फांदी हलली, घंटा. मांजर आलं, घंटा. एकदा पहाटेच घंटा वाजली म्हणून आंघोळीला निघालेला मी टॉवेलवरच फाटकात धावलो. समोर दूधवाला आणि कौशल्याबाई. आणि आकाशवाणी व्हावी तसा भिंतीतून गार्गीचा आवाज आला, "बाबा, टॉवेल सांभाळा!" तिनं तिकडे आपल्या फोनवरही कॅमेरा जोडून घेतला होता. कौशल्याबाईंनी पातेलं तिथंच ठेवून घरात धूम ठोकली. दूधवाल्यानं मात्र भिंतीला नमस्कार केला.

आणि मग ती सकाळ उजाडली.

फोनवर कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्रण आलेलं दिसलं. उघडलं. फटफटत होतं. पौनीकरांच्या दारातून तुळजाबाई बाहेर आल्या. केस मोकळे, हातात ताटली. त्या सरळ माझ्या स्कूटरपाशी गेल्या, सीटवर पोळी ठेवली, हेडलाइटला कुंकू लावलं. एवढं पाहिलं आणि मी खुर्चीतून उठलोच. पुरावा! तारीख-वेळेसह, निर्विवाद! मी पुढचं पाहायला थांबलो नाही. सगळा व्हिडिओ जसाच्या तसा लेआउटच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'सत्य अखेर कॅमेऱ्यासमोर. संबंधितांनी खुलासा करावा.'

नोकरीत मी असंख्य शेरे लिहिले. एवढा जलद प्रतिसाद एकालाही मिळाला नव्हता. हसणारी तोंडं येऊ लागली. रांगच लागली त्यांची. कोणी 'स्कूटरमाता' असं नाव दिलं. कोणी त्याला सिनेमाचं गाणं जोडलं. नानाजींनी तो आपल्या वीज खात्याच्या ग्रुपवर पाठवला. मी नाष्ट्याला पोहे खात एकेक प्रतिक्रिया चारुलताला वाचून दाखवत होतो. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला. ती शेवटपर्यंत पाहत राहिली.

"पुढचं पाहिलं का हो तुम्ही?"

मी पाहिलं. कुंकू लावून झाल्यावर तुळजाबाई स्कूटरच्या सीटवरून हात फिरवत होत्या. "खा वं माय, खा. काहून नाही खात? रागावली का माझ्यावर?" मग नत्थूजी अनवाणी धावत आले. त्यांनी चहूकडे पाहिलं, पोळी उचलायला हात घातला, तर त्या त्यांच्यावर ओरडल्या, "उपाशी ठेवता का तिले? पाया पडा पहिले!" नत्थूजींनी पुन्हा एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडेच पाहिल्यासारखं. आणि त्यांनी स्कूटरला हात जोडले. बायकोचा हात धरला आणि तिला हळूहळू घरात घेऊन गेले.

पोह्यांची बशी तशीच राहिली.

मी ग्रुपवरून व्हिडिओ काढायला गेलो. ग्रुपवरचा निघाला. पण तोवर तो लोकांच्या फोनांत जाऊन बसला होता. त्या दिवशी भाजीवालासुद्धा मला म्हणाला, "साहेब, ते स्कूटरवाली बुढी तुमच्याच गल्लीतली का?"

संध्याकाळी भूपेश आला. मी त्याला बस म्हटलं. तो बसला नाही.

"काका, आईले काही समजत नाही आता. डॉक्टर म्हणते, हे वाढतच जाईन. चूल पेटवायची नाही म्हटलं तर रडते, म्हणून बाबा जवळ उभं राहून पोळ्या करू देतात. माहेरी तिच्या गाय होती पांढरी. तिले वाटते तेच उभी आहे." तो दाराकडे वळला. "बाबांनी कोणालेच नव्हतं सांगितलं. लोक हासतीन म्हणे."

चारुलता आत जाऊन रडायला लागली. मी काहीतरी बोललो. मला ठाऊक नव्हतं रे, असंच काहीतरी.

"तुम्ही नाही पाठवाले पाहिजे होता, काका," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या दारात गेलो. दार नत्थूजींनीच उघडलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या जी," आणि आम्हाला आत बोलावलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते तुळजाबाईंना घेऊन कुहीला, त्यांच्या माहेरी, भावाकडे राहायला गेले. गल्लीतली पोरं तुळजाबाईंना पाहून स्कूटरचा आवाज काढत होती, असं नंतर कळलं.

कॅमेरा मी स्वतःच्या हातानं उखडला. त्यातलं कार्ड पुसलं, माझ्या फोनातलं पुसलं, गार्गीला तिच्याकडचं पुसायला लावलं. मग मी लेआउटमधल्या घराघरांत गेलो. ज्या माणसानं कोणाला चहाच्या बिलातही सूट दिली नाही, तो दारोदार हात जोडत होता. "कृपा करून तो व्हिडिओ मिटवा. माझ्यासमोर मिटवला तरी चालेल." काहींनी समोर मिटवला, काहींनी "हो हो" म्हणून दार लावलं. ज्यानं गाणं जोडलं होतं तो तर घरी असून बाहेर गेल्याचं सांगत होता. त्याच्याकडे मी तीनदा गेलो.

दिवाळी होऊन गेल्यावर चारुलता म्हणाली, "चला, कुहीला जाऊन येऊ. फार तर दार लावतील." बसमधून दोन्ही बाजूंना कापलेलं धान दिसत होतं. दार कोणी लावलं नाही. तुळजाबाई खाटेवर होत्या. अंगणात पडून खुबा मोडला, तेव्हापासून उठल्याच नव्हत्या. बोलणंही गेलं होतं. चारुलतानं जवळ बसून केस विंचरले, तर त्या तिच्याकडे बघत राहिल्या, ओळखीनं की बिनओळखीनं ते सांगता येत नव्हतं. नत्थूजींनी चहा केला. धानाच्या, पावसाच्या, भूपेशच्या लग्नाच्या गोष्टी झाल्या. त्या विषयाचा शब्दही नाही. जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, आणि मला त्यांच्या घरी प्रत्येक घास जड गेला.

बसपर्यंत सोडायला ते आले. चारुलता पुढं चालत होती. नत्थूजी माझ्यासोबत मागे राहिले.

"साहेब, एक मागू काय?"

"बोला ना."

"तो व्हिडिओ असन ना तुमच्याजवळ?"

मला वाटलं, आता हा माणूस मला बोलणार. बोलावंच, असं वाटलं.

"भूपेशनं रागारागात माझ्या फोनातला मिटवून टाकला," ते म्हणाले. "त्याच्यात ती चालून राहिली होती. चांगली तरातरा. अन् मले रागावते पण. आवाज आहे तिचा त्याच्यात." त्यांनी पुढं चालणाऱ्या चारुलताकडे पाहिलं. "आमच्या घरी कोणी तिचा कधी व्हिडिओ काढलाच नाही जी. तेवढा एकच हाये. पाठवाल का?"

बस आली. मी म्हणालो, "पाहतो, नत्थूजी." खिडकीतून दिसेनासे होईपर्यंत ते उभे होते.

घरी येऊन कार्ड पुन्हा लावलं, गार्गीला फोन केला. काही नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लेआउटमधल्या घराघरांत गेलो. त्याच दारांवर, तसेच हात जोडून. नानाजी म्हणाले, "देवपुजारी, तुम्ही इतकं म्हटलं, मी लगेच मिटवला. वीज खात्यातल्यांनाही मिटवायला लावला." कौशल्याबाईंनी आपला सगळा फोनच माझ्या हातात दिला, पाहून घ्या म्हणून. गाणं जोडणारा या खेपेस घरी सापडला. मान खाली घालून म्हणाला, "काका, शप्पथ, त्याच दिवशी काढून टाकला. लाज वाटली." लेआउटबाहेर गेलेले व्हिडिओ कुठं गेले ते कोणालाच सांगता येईना.

कूलरच्या पाण्यावरून, कचऱ्यावरून, दारातल्या गाड्यांवरून आमच्या लेआउटनं आजवर माझं एकही म्हणणं ऐकलेलं नाही. हे एवढं एकच ऐकलं होतं, आणि झाडून सगळ्यांनी ऐकलं होतं.